टाकीच्या तोंडापाशी

पेट्रोल पंपावर ‘टाकी फुल’ म्हणून सांगितले की थोड्या वेळाने नोझलचा खटका आपोआप पडतो. या खटक्याला वीज लागत नाही. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असते आणि तिथून एक बारीक नळी मुठीपर्यंत गेलेली असते. पेट्रोल वेगाने वाहू लागले की त्या वेगानेच नळीतली हवा ओढली जाते आणि भोकातून नवी हवा आत येत राहते. पातळी चढून भोक पेट्रोलमध्ये बुडाले की हवेची वाट बंद होते, नळीतला दाब उतरतो, त्या ओढीने मुठीतला रबरी पडदा सरकतो आणि झडप मिटते. गाडी धडधाकट असेल तर हे एका भरण्यात एकदाच घडते. काही जुन्या गाड्यांत मात्र दर अर्ध्या लिटरला खटका पडू लागतो. पंपावरचा मुलगा नोझल तिरके धरतो, उलटे धरतो, थेंब थेंब सोडतो. गाडीवाला पंपाला नावे ठेवतो. दोष बहुतेक वेळा गाडीत असतो आणि त्यातही फिलर पाइपमध्ये.

झाकण काढल्यावर जे तोंड दिसते ते या पाइपचे वरचे टोक. बाकीचा पाइप आपल्याला कधीच दिसत नाही. मागच्या चाकाच्या कमानीत, प्लास्टिकच्या अस्तराआड, तो वळणे घेत खाली उतरतो. पाइप पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा असतो. टाकीजवळ आल्यावर त्याला रबराचा एक आखूड, लवचिक तुकडा जोडलेला असतो, कारण गाडी हलते तेव्हा टाकी आणि बॉडी यांची हालचाल अगदी सारखी नसते. दोन्ही टोकांना क्लिपा. शेजारून आणखी एक बारीक नळी वर येते, ती ब्रीदर. पेट्रोल आत शिरते तेवढी हवा आणि वाफ बाहेर पडायला हवी, ती या ब्रीदरने पडते. ब्रीदर चिखलाने किंवा पीळ बसून बंद झाला की आतल्या हवेला वाट उरत नाही, पेट्रोल फिलर पाइपमध्येच तुंबते आणि नोझलचा खटका पडत राहतो. पत्र्याच्या पाइपला आणखी एक छोटी वस्तू लागलेली असते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ती म्हणजे पाइपपासून बॉडीपर्यंत गेलेली अर्थिंगची पट्टी किंवा वायर. तिच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

पाइप काढायची वेळ का येते? कोकणातल्या गाड्यांत याचे उत्तर चाकाच्या कमानीतच सापडते. अस्तराआड साचलेला चिखल पावसाळाभर ओला राहतो, त्यात खारी हवा, आणि पत्र्याचा पाइप बाहेरून कुजत जातो. भोक पडते ते बहुधा वरच्या भागात, वळणापाशी. त्यामुळे अर्धी टाकी असताना काहीच कळत नाही. टाकी फुल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो आणि वीस-तीस किलोमीटर गेल्यावर तो विरतो. मग मालक म्हणतो, भरताना सांडले असेल. त्याच भोकातून चाकाने उडवलेले पाणी आत जाते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, नेमके पंप जिथून इंधन उचलतो तिथे. जुन्या गाड्यांतल्या काही रबरांनाही हे मिश्रण मानवत नाही. ती फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. वास येणाऱ्या गाडीत आधी हा रबरी तुकडा तपासावा.

पाइप बदलणे हे काम, पाना-पकडीच्या दृष्टीने पाहिले तर, फार अवघड नाही. तीन-चार स्क्रू, दोन-तीन क्लिपा, एक चाक, एक अस्तर. म्हणूनच ते अंगणात, रस्त्याकडेला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बेधडक केले जाते. या प्रकरणाचा बराचसा भाग मी पान्यावर खर्च करणार नाही. फिलर पाइप निघाला की टाकीतली वाफ आणि बाहेरची हवा यांच्यामधला पडदा निघतो, आणि कामातली प्रत्येक पायरी त्या एका गोष्टीकडे पाहून ठरवायची असते.

हवा आणि वाफ

पेट्रोल हा द्रव स्वतः जळत नाही, जळते त्याची वाफ, आणि तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच. हवेत साधारण १.४ टक्क्यांपेक्षा कमी वाफ असेल तर ती पेटत नाही. साडेसात टक्क्यांच्या वर गेली तर प्राणवायू अपुरा पडतो आणि तेव्हाही ती पेटत नाही. धोका या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. पेट्रोलची वाफ तयार व्हायला ऊन लागत नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलवर पेटण्याइतकी वाफ असते. आपल्याकडे महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा ती भरपूर असते. 

बंद टाकीत पेट्रोलच्या वर जी पोकळी असते तिथे वाफेचे प्रमाण या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असते. तिथे ठिणगी पडली तरी सहसा आग लागत नाही. म्हणूनच इंधनाचा विजेवर चालणारा पंप टाकीच्या आत बसवता येतो. आता टाकी रिकामी करा, पाइप काढा, तोंड उघडे ठेवा. तळाशी कपभर पेट्रोल उरलेले असते. हवा आत शिरते, दाट वाफ पातळ होत जाते आणि कधीतरी ती नेमकी पेटण्याजोग्या टप्प्यात येते. ‘टाकी रिकामीच आहे, आता काय व्हायचे’ हे वाक्य गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येते. प्रत्यक्षात भरलेल्या बंद टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली उघडी टाकी जास्त धोक्याची असते.

याचा सर्वांत भयंकर दाखला विमानाचा आहे. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे ८०० क्रमांकाचे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच समुद्रावर फुटले. विमानातली २३० माणसे गेली. पंखांच्या मधली इंधनाची टाकी सुमारे ४९ हजार लिटरची, पण त्या दिवशी तिच्यात जेमतेम १९० लिटर इंधन होते. टाकीच्या खालीच वातानुकूलनाची यंत्रे होती आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात ती दोन तासांहून अधिक चालली. तळाचे थोडेसे इंधन तापले, पोकळीत वाफ आणि हवा यांचे जळण्याजोगे मिश्रण झाले. ठिणगी कुठून आली हे तपास यंत्रणेला खात्रीने सांगता आले नाही. टाकीबाहेरच्या तारांमधले शॉर्टसर्किट हे सर्वांत संभाव्य कारण तिने २००० साली नोंदवले. पुढे २००८ मध्ये अमेरिकेने नियम आणला आणि मोठ्या प्रवासी विमानांच्या अशा टाक्यांतल्या पोकळीत नायट्रोजन भरून प्राणवायू कमी ठेवण्याची व्यवस्था रूढ झाली.

त्या विमानातले इंधन केरोसीनच्या जातीचे होते, पेट्रोल नव्हते. ‘डिझेलला काय होतंय, त्यात काडी टाकली तर विझते’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा असे मानक आहे. प्रत्यक्षात पंपावरच्या डिझेलचा तो बऱ्याचदा याहून जास्त असतो, पण मे महिन्यात चंद्रपूरचा, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, डांबरी रस्ता त्याहून तापतो आणि टाकी त्या रस्त्यावर वीतभर अंतरावर असते. इंजिनाकडून परतणारे गरम डिझेल तिच्यात पडत असते ते वेगळेच. अशा दुपारी डिझेलच्या टाकीत काय आहे याची खात्री कोणी देऊ नये. पेट्रोलला जे नियम तेच डिझेलला लावावेत.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवर पसरते आणि उताराने वाहते. एक ढोबळ हिशेब करून पाहू. अर्धा लिटर पेट्रोल पुरते उडाले तर त्याची साधारण ९० ते १०० लिटर वाफ होते. ती १.४ टक्के इतकी पातळ होईपर्यंत पसरली तर सहा-सात हजार लिटर हवा पेटण्याजोगी होते. दहा बाय बाराच्या बंद खोलीत हा थर गुडघ्याच्या वर येईल. नाक पाच फुटांवर असते, त्यामुळे वास फारसा येत नाही. फ्रीजचा, पंपाचा, कॉम्प्रेसरचा खटका मात्र खालीच असतो.

ठिणगीही फार मोठी लागत नाही. अशा मिश्रणाला पेटवायला एका मिलिज्यूलचा साधारण पाव हिस्सा ऊर्जा पुरते. कोरड्या हवेत गाडीच्या दाराला हात लावल्यावर बोटाला जो बारीक चटका बसतो, त्यातल्या अगदी जेमतेम जाणवणाऱ्या चटक्यातही याच्या दोन-तीन पट ऊर्जा असते. म्हणजे हाताला कळणारी प्रत्येक ठिणगी पुरेशी आहे, आणि न कळणाऱ्याही काही आहेत. इथे अर्थिंगच्या त्या पट्टीचे महत्त्व समजते. पेट्रोल वीज फार कमी वाहून नेते, त्यामुळे पाइपातून वेगाने वाहताना घर्षणाने विद्युतभार साठतो. पत्र्याचा फिलर पाइप खालून रबराने टाकीला जोडलेला, वरून रबरी चकतीवर बसलेला, म्हणजे बॉडीपासून जवळजवळ तुटलेला. पट्टी असेल तर भार बॉडीत निघून जातो. नसेल तर तो पाइपवर साठतो आणि जवळच्या धातूवर, म्हणजे नोझलवर, उडी घेऊ शकतो. जुन्या गाडीत ही पट्टी गंजून तुटलेली सापडते, किंवा आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी ‘जास्तीची वायर’ म्हणून सोडून दिलेली असते. हे पाहिले की मला खरोखर राग येतो, कारण ती जोडायला एक स्क्रू लागतो.

जागा

पहिला निर्णय जागेचा. मोकळे मैदान, चारी बाजूंनी वारा, सपाट जमीन आणि सकाळची वेळ. सकाळ दोन कारणांसाठी. उन्हाची वाफ कमी, आणि दिव्याची गरज नाही. हातात धरायचा काचेच्या बल्बचा दिवा हा या कामातला जुना शत्रू आहे. पेट्रोलचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडतो, काच तडकते आणि आतली लालबुंद तार उघडी पडते.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नये. तळघर म्हणजे जड वाफेचा हौदच, आणि पुण्या-मुंबईत बहुतेक ठिकाणी पाण्याचा पंपही तिथेच असतो. वरची टाकी रिकामी झाली की तो कोणाला न विचारता सुरू होतो. गॅरेजमधल्या पिटचेही तसेच. पिटमध्ये उतरून इंधनाचे काम करणारा मिस्त्री वाफेच्या तळ्यात उभा असतो. शेजारी वेल्डिंग, ग्राइंडर, गॅस गीझर, देवघरातला दिवा, विडी यांपैकी काहीही चालू असेल तर काम सुरू करू नये. सहा किलोचे पावडरचे अग्निशामक वाऱ्याच्या वरच्या बाजूला, हात पोचेल असे ठेवावे. गाडीखाली ठेवले तर आग लागल्यावर ते घ्यायला आगीतच जावे लागेल. वाळूच्या बादल्या असल्या तर उत्तम. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर वाहते.

कपडे सुती असावेत, पायांत बूट असावेत. मांडीवर पेट्रोल सांडले तर कपडा ओढून काढण्याआधी त्यावर भरपूर पाणी ओतावे, कारण कोरडा कपडा अंगावरून ओढतानाही ठिणगी उडू शकते. मदतीला माणूस असावाच, पण एकच. बघ्यांना लांब ठेवावे.

गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असावी. पेट्रोलचे झाकण आतल्या बटणाने उघडत असेल तर ते आधी उघडून घ्यावे आणि मगच बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. क्रम उलटा झाला तर झाकण उघडण्यासाठी बॅटरी पुन्हा जोडावी लागते, आणि टर्मिनलवरची ठिणगी नको त्या वेळी पडते. बॅटरी काढायची ती एकही जोड उघडण्याआधी. परत जोडायची ती सगळे बंद होऊन वास पूर्ण गेल्यावर.

मग टाकी. सर्वांत चांगला उपाय म्हणजे गाडी चालवून ती पाव टाकीच्या खाली आणणे. बहुतेक गाड्यांत फिलर पाइप टाकीला वरच्या अंगाला मिळतो, त्यामुळे पातळी खाली असेल तर रबर काढल्यावर फार काही सांडत नाही. काढावेच लागले तर हातपंप वापरावा. तोंडाने नळी ओढणे ही आपल्याकडची जुनी, जवळजवळ सन्मानाची रीत आहे. ती बंद व्हावी असे मला मनापासून वाटते. पेट्रोल इतके पातळ असते की घोट घेताना त्याचा थोडा भाग श्वासनळीत सहज उतरतो आणि फुप्फुसाला रासायनिक सूज येते. माणूस तासाभराने धापा टाकू लागतो. कोणी पेट्रोल गिळलेच तर त्याला उलटी करायला लावू नये. वर येताना ते दुसऱ्यांदा फुप्फुसात जाऊ शकते. सरळ दवाखाना गाठावा. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत टाकीच्या तोंडाशी एकदिशी झडप असते. गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून ती बसवलेली असते. नळी तिच्यावर अडते. जोर करून ढकलली तर झडप मोडते आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही.

काढलेले पेट्रोल धातूच्या किंवा इंधनासाठीच बनवलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात घ्यावे आणि डबा भरताना जमिनीवर ठेवावा. पाण्याच्या बाटल्या आणि उघड्या बादल्या नकोत. कायद्याच्या दृष्टीने पेट्रोल ‘अ’ वर्गात मोडते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, काचेचे भांडे असेल तर ते एक लिटरहून मोठे चालत नाही, इतर डबा २५ लिटरहून मोठा चालत नाही. देशभर या नियमांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

गढूळ, पाणी मिसळलेले पेट्रोल गटारात ओतणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी भुयारी गटारात झिरपलेल्या पेट्रोलचे स्फोट झाले, कित्येक किलोमीटर रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. तिथे पेट्रोल फुटलेल्या मोठ्या वाहिनीतून आले होते, आपल्या डब्यातून नव्हे. तरी गटारातल्या वाफेचा स्वभाव सगळीकडे तोच.

पाइप उतरवताना

आता पान्याचे काम. चाकांना ओट लावावी, मागचे चाक काढावे. जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये, घोड्या लावाव्यात. अस्तराचे स्क्रू आणि प्लास्टिकच्या खुंट्या काढल्या की पाइप दिसतो, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षांचा चिखलही. घाईत इथे चूक होते. जोडांभोवतीची माती आधी ओल्या फडक्याने आणि ब्रशने पूर्ण काढावी, नाहीतर रबर निघताक्षणी ती सरळ टाकीत पडते. मोबाइलवर दोन फोटो आधीच काढून फोन लांब ठेवावा. क्लिपचे तोंड कोणत्या बाजूला होते, ब्रीदर कुठून गेला होता, पट्टी कोणत्या स्क्रूला होती, हे जोडताना आठवत नाही.

गंजलेल्या स्क्रूंवर गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशीच मारावे. त्या फवाऱ्यातला वायूही ज्वलनशील असतो, त्यामुळे आयत्या वेळी नको. स्क्रू हटत नसेल तर गॅसची ज्योत दाखवायची किंवा ग्राइंडरने डोके उडवायचे ही गॅरेजची सवय इथे प्राणघातक आहे. हाताच्या करवतीने, तेल सोडत, सावकाश कापावे. वेळ लागतो. लागू द्यावा.

सुरुवात करताना गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा भार उतरवावा. मग टाकीचे झाकण हळूच फिरवावे. आत साठलेला दाब ‘फुस्स’ करून निघतो. तो निघेपर्यंत थांबावे. वरच्या तोंडाचे स्क्रू काढावेत. अर्थिंगची पट्टी शक्य तितकी शेवटपर्यंत जोडलेली राहू द्यावी. खाली रबराच्या क्लिपा ढिल्या करून मागे सरकवाव्यात. रबर वर्षानुवर्षे टाकीच्या नळकांड्याला चिकटलेले असते. ते ओढून निघत नाही. दोन्ही हातांनी धरून आधी थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे पिळावे, म्हणजे चिकटा सुटतो. स्क्रू ड्रायव्हर आत खुपसून उचकटले तर प्लास्टिकच्या टाकीचे नळकांडे तडकते आणि पाइपचे काम टाकीवर जाते. रबर बदलायचेच असेल तर ते धारदार सुरीने लांबीत, नळकांड्याला न टोचता, चिरून सोलून काढावे.

रबर निघाले त्या क्षणापासून टाकीचे तोंड उघडे आहे. ते लगेच बंद करावे. नेमक्या मापाचे रबरी बूच हाताशी तयार हवे. फडके कोंबू नये. फडके पेट्रोल शोषते आणि वातीसारखे काम करते. ब्रीदरचे तोंडही बंद करावे. मग पट्टी सोडवून पाइप कमानीतून, बहुधा एकदा फिरवून, खाली येतो. काही गाड्यांत खालची क्लिप टाकी थोडी उतरवल्याशिवाय हाताला लागत नाही. तिथे कामाचे स्वरूपच बदलते. पेट्रोल गाडीच्या इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत तीन-चार बार दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो राहतो. त्यासाठी बॅटरी काढण्याआधीच पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालवावे लागते. सीएनजीच्या गाडीत पेट्रोलच्या तोंडाशेजारीच गॅसचे तोंड असू शकते. त्या नळ्यांत सुमारे २०० बार दाब असतो. त्या गाड्यांचे हे काम सीएनजीचे अधिकृत प्रशिक्षण असलेल्या माणसाकडेच द्यावे.

उतरवलेल्या पाइपला भोक असेल तर वेल्डिंग करू का, असे हमखास विचारले जाते. माझे उत्तर नाही असेच आहे. गंजाच्या खळग्यांत आणि जुन्या रबरात पेट्रोल मुरलेले असते. वरून धुतलेला पाइपही वाफ सोडतो. टाकीला वेल्डिंग करणारे जाणकार कारखाने वाफेने धुतात, निष्क्रिय वायू भरतात आणि वायुमापकाने तपासून मगच ज्योत लावतात. पाणी भरून किंवा दुसऱ्या गाडीचा धूर सोडून केलेली वेल्डिंग अनेकदा जमते, आणि ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी सांगायला कोणी उरत नाही. एम-सील लावणे, साबण घासणे हे पंप गाठण्यापुरते ठीक. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून भेग काही काळ बुजते, पण इथेनॉल मिसळलेल्या इंधनात त्याचाही भरवसा कमी. कुजलेला पाइप आतून पापुद्रे सोडत असतो. ते टाकीत जातात, तिथून गाळणीत. नवा पाइप घ्यावा.

रबर घेताना काटकसर करू नये. रेडिएटरचा होज मापाने बसतो, दिसतो तसाच, स्वस्तही असतो. पण तो पाण्यासाठी बनवलेला असतो आणि पेट्रोलमध्ये फुगून ढिला होतो. इथेनॉल मिश्रित इंधनासाठी म्हणून स्पष्ट विकला जाणारा, गाडीच्याच कंपनीचा तुकडा घ्यावा.

बसवताना रबर नळकांड्यावरच्या उंचवट्याच्या पार मागे जायला हवे आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसायला हवी. उंचवट्यावर बसवलेली क्लिप हाताला घट्ट लागते, पण धक्क्याने सरकते. पाइप टाकीत किती आत बसला आहे या एका गोष्टीवर किती अवलंबून असते, हे फोर्डच्या पिंटो गाडीने दाखवले आहे. १९७१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या या छोट्या गाडीची टाकी मागच्या अॅक्सलच्याही मागे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे ढकलली जाई आणि फिलर पाइप तिच्यातून उपसून बाहेर येई. पेट्रोल सांडे आणि गाडी पेटे. माणसे होरपळून मेली, खटले झाले. अखेर जून १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या. त्यांत केलेले बदल अगदी साधे होते. अॅक्सल आणि टाकी यांच्यामध्ये प्लास्टिकचे कवच, अधिक लांब फिलर पाइप आणि त्याला चांगले सील.

आता अर्थिंगची पट्टी. दोन्ही टोकांचा गंज घासून, चकाकता पत्रा काढून, ती घट्ट बसवावी. टाकीचे तोंड बंद झाल्यावर मल्टिमीटर नव्या पाइपच्या तोंडाला आणि बॉडीला लावून पाहावे. रोध शून्याच्या जवळ आला पाहिजे. रंगाच्या थरावर बसवलेली पट्टी दिसायला जोडलेली असते, प्रत्यक्षात नसते.

अस्तर लगेच लावू नये. आधी चार-पाच लिटर पेट्रोल नरसाळ्याने हळू सोडावे, दोन्ही जोडांखाली कोरडा पांढरा कागद फिरवावा, वास घ्यावा. कोरडे असेल तर अस्तर आणि चाक बसवावे, वास पूर्ण गेल्यावर बॅटरी जोडावी आणि गाडी पंपावर नेऊन पहिल्या खटक्यापर्यंत भरावी. त्यापुढे एक थेंबही नको. पेट्रोल दर दहा अंशांमागे साधारण एक टक्का फुगते. सकाळी जमिनीखालच्या गार टाकीतून घेतलेले ४० लिटर पेट्रोल दुपारी २० अंशांनी तापले तर पाऊण लिटरहून जास्त वाढते. त्या वाढीसाठीच टाकीत वर जागा सोडलेली असते. फुल टाकीनिशी तासभर चालवून, गाडी उभी करून, चाकाच्या कमानीत पुन्हा एकदा वास घ्यावा. भोके वरच्या वळणापाशीच असतात, त्यामुळे खरी परीक्षा याच पातळीला होते.

कामाची फडकी उरतात. ती ढीग करून कोपऱ्यात टाकू नयेत, पिशवीत बांधून कचऱ्यातही देऊ नयेत. मोकळ्या हवेत, उन्हाआड, दोरीवर एकेक पसरून पूर्ण वाळू द्यावीत, आणि तोवर घरातल्या लहान मुलांना आणि विडी ओढणाऱ्यांना तिकडे फिरकू देऊ नये. जुना पाइप भंगारवाल्याला देताना मधोमध करवतीने कापून द्यावा. नाहीतर तो रंग मारून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बसतो.